पायाळू एस्तेरबाई

एस्तेरबाई कुणाच्याही पाठीला हात लावण्याआधी आपले हात गरम पाण्यात बुडवून ठेवायच्या. दवाखान्यातल्या त्यांच्या व्यायामाच्या खोलीत खिडकीखाली एक स्टोव्ह होता. त्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं असायचं आणि पातेल्यातलं पाणी सदा कोमट. उन्हाळ्यातसुद्धा. नगरच्या एप्रिलात, भिंतीसुद्धा तापलेल्या असताना, त्यांना हात बुडवून उभं राहिलेलं पाहून मी एकदा म्हटलं, "बाई, आता कशाला गरम पाणी?"

त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी नाही, पाठीसाठी. पाठ आधीच भ्यालेली असते. तिला परका हात लागला की ती आक्रसून बसते, आणि मग दिवसभर मला काही सांगत नाही."

बोलायच्या त्या अशाच. पाठ सांगते, पाठ रुसते, पाठ ऐकत नाही. माणसाशी बोलताना मात्र त्यांचं बोलणं रोखठोक असे.

मी त्यांच्याकडे आले ती एकाहत्तर सालच्या सुमाराला. पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. तेवीस वर्षांची होते. वर्षभर कंबर दुखत होती. फळ्यावर लिहायला हात वर केला की मागे सुरी फिरवल्यासारखं व्हायचं, आणि कळ डाव्या मांडीतून थेट पोटरीपर्यंत उतरायची. शेक झाले, लेप झाले. शेवटी गावातल्या एका पायाळू पोराची लाथ घेतली. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. त्याची लाथ कंबरेत बसली की भरलेली उसण निघून जाते, अशी आमच्याकडची पक्की समजूत. माझी उसण गेली नाही. दुसऱ्या दिवशी मला अंथरुणातून उठता येईना. मग थोरल्या भावाने एस.टी.च्या मागच्या बाकावर मला आडवी निजवून नगरला आणलं, आणि तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात दाखल केलं.

डॉक्टरांनी पाठीचा फोटो काढला, एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं आणि काही आठवडे पडून राहायचं, मग व्यायाम, असं ठरवून ते पुढच्या खाटेकडे गेले. वाईट माणूस नव्हते. वॉर्डात खाटा फार होत्या. संध्याकाळी पेशंटकडून व्यायाम करवून घेणाऱ्या एस्तेरबाई आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पांढऱ्या सुती साडीला बारीक निळा काठ, कोपरापर्यंत बाह्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी मला कुशीवर वळवलं, आणि एक बोट मानेपासून खाली, एकेका मणक्यावर टेकत, जिना उतरल्यासारखं आणलं. कंबरेच्या खाली ते थांबलं.

"इथं पायरी आहे," त्या म्हणाल्या. माझाच हात मागे नेऊन त्यांनी माझं बोट तिथं ठेवलं. खरंच होती. वरचा मणका आत गेलेला, खालचं हाड बाहेर आलेलं.

"घरी उतरंड आहे ना? मडक्यावर मडकं? पाठ तशीच असते. फक्त देवानं प्रत्येक मणक्याला मागे एक कडी दिलीय, खालच्यात अडकवायला. तुझ्या शेवटच्या मणक्याच्या कडीला चीर गेलीय. लहानपणीच गेली असेल, कळलंही नसेल. कडीनं धरलं नाही, म्हणून मणका थोडा पुढे घसरला."

"परत जागेवर बसेल?"

"नाही."

इतकं सरळ 'नाही' म्हणणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. घरी सगळे 'होईल हो बरी' म्हणत होते. त्या पुढे म्हणाल्या, "घसरलेलं मडकं मी ढकलणार नाही, आणि तूही कुणाला ढकलू देऊ नकोस. आपण उतरंड सगळीकडून आवळून धरायची, म्हणजे ते आणखी पुढे जाणार नाही आणि कळही थांबेल. त्याला दोरी लागते. ती तुझ्याकडेच आहे, पोटात."

पोटाचे स्नायू बळकट झाले की कण्याला आधार मिळतो, हे त्यांना सांगायचं होतं. पण नव्या पेशंटला त्या ते एका वाक्यात सांगायच्या: "दुखणं पाठीत, औषध पोटात." खेड्यातली माणसं ते ऐकून गोळीसाठी हात पुढे करायची. हा घोटाळा दर आठवड्याला व्हायचा, आणि दर वेळी बाई मनापासून हसायच्या. वाक्य बदलावं असं मात्र त्यांना कधी वाटलं नाही.

माझी आई तेव्हा खाटेपाशी होती. माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं, मुलाकडचे लोक येऊन गेले होते. आईने पदर तोंडाशी धरून विचारलं, "हिला मूलबाळ होईल ना हो? बिचारी..."

एस्तेरबाईंनी चष्मा काढला. "मूल होईल. बाळंतपण जरा सांभाळून करावं लागेल. पण या खोलीत 'बिचारी' म्हणायचं नाही, आई. पाठ ऐकते."

आई त्यानंतर माझ्यासमोर तो शब्द बोलली नाही. मुलाकडच्यांना तिनं सगळं खरं सांगितलं. ते लोक आले, पुन्हा विचार केला, आणि लग्न झालं. मला दोन मुलंही झाली. माझी गोष्ट एवढीच. उरलेली एस्तेरबाईंची.

त्यांच्या व्यायामात दिसायला काहीच नव्हतं. उताणं पडायचं, गुडघे मोडायचे, पोट आत ओढून कंबर अशी खाली टेकवायची की तिच्याखालून मुंगीसुद्धा जाऊ नये. मग धरून ठेवायचं. किती वेळ, हे कुणी अंकांत मोजायचं नाही. पुष्कळशा बायांना मोजता यायचं नाही, आणि ज्यांना यायचं त्या घाईघाईने मोजून सुटका करून घ्यायच्या, असा बाईंचा अनुभव. म्हणून त्यांनी जिल्ह्यातले तालुके लावले होते. नगर म्हटलं की पोट आत. मग पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, सावकाश, बसच्या वेगाने. "कालपर्यंत कर्जतला उतरत होतीस, आज जामखेडला जायचं," असं त्या म्हणायच्या. एखादा पेशंट अगदी चांगला तयार झाला की तो पुढे पाथर्डी, शेवगाव करत नेवाशाला पोचायचा. मागे वाकायचे व्यायाम मात्र सक्त मना. एका तालमीतल्या पोराने मला दाखवायला म्हणून कमान टाकली, तेव्हा बाईंनी त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत खोलीत येऊ दिलं नाही.

शिस्त कडक होती आणि कौतुक अजिबात नव्हतं. कुणी नेवाशापर्यंत पोचलं तरी त्या फक्त "हं" म्हणायच्या. काम करताना गुणगुणायच्या, आणि फार बेसूर. दुपारी मधल्या वेळात दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसून आलं घातलेला चहा प्यायच्या. तो इतका तिखट की मला एका घोटात ठसका लागला. त्या लेडीज सायकलवरून यायच्या, आणि त्या काळात साडी नेसून सायकल चालवणारी पन्नाशीची बाई नगरात वळून पाहण्यासारखीच होती. घरी एक म्हातारी मावशी होती. लग्न झालं होतं की नव्हतं, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना शरमत शरमत लाथेची गोष्ट सांगितली. वाटलं, रागावतील. त्यांनी विचारलं, "जोरात मारली?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "पायाळू माणसानं हळू मारायची असते. त्याला कुणी शिकवलं नाही. मी पायाळूच आहे, मला माहीत आहे."

मला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती, हे रंभाजी आबांमुळे कळलं.

रंभाजी आबा पारनेरकडचे. जन्मभर विहिरी खणलेला माणूस. साठी ओलांडलेली, मणका झिजून घसरलेला, चालताना दर थोड्या अंतरावर टेकायला जागा शोधायचे. पुरुषांच्या वॉर्डात होते, पण व्यायामाची खोली एकच, मध्ये पडदा. आबा काही केल्या व्यायाम करायला तयार नव्हते. उताणं पडून पोट आत ओढणं त्यांना पोरखेळ वाटे. कुणीतरी, बहुधा कधीमधी दवाखान्यात येणाऱ्या बाईंच्या मावशीनेच, त्यांना सांगितलं की एस्तेरबाई पायाळू आहेत. झालं. दुसऱ्या दिवशी पडद्यापलीकडून आबांचा आवाज आला.

"बाई, तुमी पायाळू हायेत म्हनं."

"आहे."

"मंग कशाला ह्यो खटाटोप? एक लाथ घाला आन् मला घरी जाऊ द्या."

"आबा, लाथेनं तुमचा मणका आणखी पुढे जाईल."

"तुमची लाथ हाय. न्हाई जायचा."

असं तीन-चार दिवस चाललं. आबा रोज येऊन सतरंजीवर पालथे पडायचे आणि वाट पाहायचे. एके सकाळी बाईंनी पातेल्यातलं पाणी एका घमेल्यात ओतलं. पडद्याला बाजूला फट होती, मला दिसत होतं. त्यांनी चपला काढल्या, पाय घमेल्यात बुडवले, पुसले, आणि उजवं पाऊल आबांच्या कंबरेवर ठेवलं. नुसतं ठेवलं. पिसासारखं. भार सगळा डाव्या पायावर आणि भिंतीला टेकलेल्या हातावर.

"लागला पाय?" त्यांनी विचारलं.

"लागला," आबा म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला होता.

"आता पायाचा गुण उतरायला हवा असेल तर उताणे व्हा, आणि मी सांगते तसं पोट आत घ्या. रोज. एक दिवस चुकला तर गुण जाईल."

आबा वळले आणि पहिल्या दिवशीच श्रीगोंद्यापर्यंत गेले.

नेमके तेव्हाच डॉक्टर दारात उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. दुपारी बाईंना त्यांच्या खोलीत बोलावणं आलं. तासाभराने त्या मागच्या पायरीवर चहा घेऊन बसल्या तेव्हा मी भीत भीत विचारलं, काय झालं.

"विचारलं, हे काय होतं? मी म्हटलं, साहेब, पाय ठेवला, दाब दिला नाही. त्यांना लाथ हवी होती, मला त्यांचं पोट हवं होतं. दोघांचंही भागलं."

"मग?"

"मग म्हणाले, हे पसरलं तर उद्या निम्मा जिल्हा लाथ मागायला येईल. बरोबरच आहे त्यांचं. मी म्हटलं, पुन्हा करणार नाही. दारापर्यंत आले, तर मागून म्हणाले, आणि करावंच लागलं तर पडदा नीट ओढून घेत चला."

आबा महिनाभराने काठी न टेकता चालत घरी गेले. जाताना बाईंच्या पायाला हात लावायला वाकू लागले. बाई ओरडल्या, "गुडघे मोडून वाका, आबा." आबांनी गुडघे मोडले.

माझ्या शेजारच्या खाटेवर हौसा होती. आमच्याच तालुक्यातली, तिशीची. दर वर्षी दसरा झाला की नवरा-बायको ऊसतोडीला कारखान्यावर जायचे. नवरा नामदेव तोडायचा, हौसा मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायची. तिचा मणका माझ्यापेक्षा बराच जास्त घसरला होता. डाव्या पायाचा अंगठा बधिर झाला होता. चालताना चप्पल निसटून मागे राहायची आणि तिला कळायचंही नाही. डॉक्टरांनी पुण्याला नेऊन ऑपरेशन करावं असं सुचवलं. ती नको म्हणाली. मग यंदा तोडीच्या कामाला जायचं नाही, ओझं अजिबात उचलायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

दसऱ्याच्या आधी नामदेव तिला न्यायला आला. उंच, काटकुळा, कमी बोलणारा. खाटेजवळ उभा राहून टोपी हातात फिरवत होता. एस्तेरबाईंनी त्याला व्यायामाच्या खोलीत नेलं. मी तेव्हा हिंडू-फिरू लागले होते आणि माझी वेळ होती, म्हणून तिथंच सतरंजीवर होते.

"डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना?"

"ऐकलं. पन न्यायलाच पायजे बाई. कोयत्याला जोडी लागती. एकट्या गड्याला टोळीत कोन घेतो?"

पातेल्याखालचा स्टोव्ह बाईंनी बारीक केला, मग पुन्हा मोठा केला.

"मोळी कोण उचलतं?"

"तीच. बायांचंच काम ते."

"आणि उचलायचं तू, तोडायचं तिनं, असं झालं तर ऊस रागावेल का?"

नामदेव खाली बघत राहिला. "ऊस न्हाई रागवायचा. लोक हसतील."

"हसू देत. लोकांच्या हसण्यानं मणका घसरत नाही. मोळीनं घसरतो."

तो हो म्हणाला नाही, पण उठूनही गेला नाही. मग तीन दिवस बाईंनी दोघांना शिकवलं. गुंडाळलेली गादी मोळी म्हणून. नामदेवला गुडघे मोडून ती उचलायला लावली, कारण त्याची पाठ बिघडली तर सगळंच संपलं, असं त्या म्हणाल्या. हौसाला उकिडवं बसून, कंबर न वाकवता, पुढे सरकत तोडायला शिकवलं. कोयत्याऐवजी हातात लाकडी पट्टी, उसाऐवजी खुर्चीचे पाय. हौसा हसून हसून पडायची. तिच्यासाठी कॅनव्हासचा, आत पोलादी पट्ट्या घातलेला कमरपट्टा शिवून आला. तो कुठून कसा बांधायचा हे नामदेवला चारचौघांत शिकताना फार लाज वाटली, पण तो शिकला.

ते गेल्यावर मी म्हटलं, "बाई, डॉक्टर तर ओझं आणि काम दोन्ही नको म्हणाले होते."

"डॉक्टरांचं बरोबर आहे. बरोबर सांगितल्यानं ती घरी बसणार असती, तर मीही तेवढंच सांगून थांबले असते."

हे डॉक्टरांना त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं होतं, असं मला नंतर नर्सकडून समजलं. त्यांच्यापासून लपवून त्या काही करत नसत.

दिवाळीनंतर मी तपासायला पुन्हा नगरला आले. शनिवार होता. बाईंनी माझ्या पाठीवरून बोट फिरवलं, "हं" म्हणाल्या, आणि मग विचारलं, "उद्या काय करतेस? मला राहुरीकडे जायचंय, हौसाला बघायला. सोबत येतेस?"

रविवारी सकाळच्या बसने आम्ही निघालो. थंडी होती. फाट्यावर उतरून बरंच चाललो. पाचटाच्या कोप्यांची, ऊसतोड्यांच्या झोपड्यांची, ओळ लागली, तिथं एका म्हातारीने कुठल्या फडात तोड चालू आहे ते सांगितलं. बांधावरून पाहिलं तर हौसा सरीत उकिडवी बसून सपासप कोयता चालवत होती, आणि नामदेव डोक्यावर मोळी घेऊन गाडीकडे चालला होता. मोळ्या वाहणाऱ्यांच्या रांगेत सगळ्या बाया, मध्ये हा एकटा उंच गडी. मागची एक बाई आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "नामाची बायकू साहेबीन झालीय. बसून तोडती."

हौसा कोयता न थांबवता म्हणाली, "बसून तोडती, पन तुज्या नवऱ्याइतकंच तोडती."

नामदेव मोळी टाकून आला. टोपीखाली चुंबळ होती, ती त्यानं काढली. मानेच्या शिरा ताणलेल्या होत्या. तो बाईंकडे न बघता, उसाकडे बघत म्हणाला, "लई जड असती वो मोळी. ही इतकी वर्सं व्हात हुती. मला ठावं न्हवतं."

हौसा तोडायची थांबली.

बाई हौसाला कोपीत घेऊन गेल्या. तिथं गरम पाणी नव्हतं, म्हणून त्यांनी चुलीच्या विस्तवावर हात धरले, एकमेकांवर घासले आणि मग पाठीवर ठेवले. बोट खाली गेलं, थांबलं. "तेवढीच आहे. पुढे गेली नाही."

"आंगठा मातर अजून बधिरच हाय, बाई."

"तो तसाच राहील कदाचित. त्याला रोज बघत जा, जखम झाली तर कळणार नाही तुला."

हौसाने मान डोलावली. अंगठ्याचं वाईट तिला फारसं वाटलेलं दिसलं नाही. तिने आम्हाला उसाचा रस दिला, लोट्याने, पोट फुटेपर्यंत.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. मी खिडकीशी होते. बऱ्याच दिवसांपासून मनात होतं ते मी विचारलं, "तुम्ही लहानपणी खरंच लाथा मारायचात?"

त्यांनी चष्म्याचा दोरा सारखा केला. "शेवगावकडे आमचं गाव. आमची वस्ती गावाबाहेर. पुढे ख्रिस्ती झालो तरी गावाच्या लेखी आम्ही होतो तेच. कुणाला उसण भरली की गावातून सांगावा यायचा, पायाळू पोरीला घेऊन या. वडील मला खांद्यावर घेऊन जायचे. आम्हाला ओसरीवर चढू देत नसत, म्हणून तो माणूसच खाली अंगणात येऊन पालथा पडायचा. मी लाथ मारायची. मग वडिलांच्या धोतराच्या ओच्यात वरून भाकरी टाकायचे, ओंजळीत वरून पाणी ओतायचे." त्या हसल्या. "आमचं पाणी चालायचं नाही, माझी लाथ चालायची."

मी ज्या घरातून आले होते, तिथंही अशीच एक ओसरी होती.

"राग यायचा?" मी विचारलं.

"वडिलांना येत असावा. ते परत येताना बोलायचे नाहीत. मला मात्र मजा वाटायची. आठ वर्षांची पोर मी, आणि एवढा मोठा माणूस पालथा पडून म्हणतोय, मार गं, जोरात मार."

"मग मारायचात जोरात?"

"नाही गं. पालथा पडलेला माणूस फार लहान दिसतो. कुणीही असो. मी पाय नुसता लावायची. कितीजणांना बरं वाटायचं त्यानंही. का वाटायचं, ते एवढं शिकूनही मला सांगता येत नाही."

नगर आल्यावर त्यांनी मला स्टँडवर पाथर्डीच्या बसमध्ये बसवून दिलं, आणि सायकल काढायला निघून गेल्या.

पुढे पाऊस गेला. बाहत्तर साल कसं होतं ते आमच्या भागात कुणाला सांगायला नको. हौसाच्या टोळीला त्या वर्षी ऊसच नव्हता. ती आणि नामदेव दुष्काळी कामावर होते, असं तिच्या दिराकडून कळलं. रस्ते, पाझर तलाव, खडी. बाया पाटीभर माती डोक्यावर वाहायच्या, नाहीतर दिवसभर एका अंगावर बसून खडी फोडायच्या. दवाखान्यात पाठीच्या पेशंटची रांग बाहेर व्हरांड्यापर्यंत गेली. त्या रांगेतल्या बायांना रोज येणं शक्य नव्हतं, आल्या तर त्या दिवसाचं काम बुडणार. एस्तेरबाईंनी डॉक्टरांना सांगितलं, त्या इथं येऊ शकत नसतील तर मी तिकडे जाते. डॉक्टरांनी आठवड्यातला एक दिवस त्यांना मोकळा दिला, आणि जमेल तेव्हा दवाखान्याची जीप.

दुष्काळ सरल्यावर मी दवाखान्यात गेले तेव्हा खोलीत दुसरी, तरुण बाई होती. मुंबईला शिकून आलेली, कामाला चांगली. एस्तेरबाई आपल्या मावशीला घेऊन विदर्भात भाच्याकडे राहायला गेल्याचं तिनेच सांगितलं. पत्ता तिच्याकडे नव्हता. त्यामुळे माझ्यापुरतं त्यांचं अखेरचं दर्शन ते दुष्काळातल्या त्या उन्हाळ्यातलं, करंजीच्या घाटाअलीकडचं.

मी नगरहून गावाकडे निघाले होते. रस्त्याचं रुंदीकरण चाललेलं, खडीचे ढीग आडवे, म्हणून बस थांबवली. दुपारची वेळ. माळावर एक लिंबाचं झाड होतं, पानं विरळ झालेलं, आणि त्याखाली व आजूबाजूला तीस-चाळीस बाया उताण्या पडल्या होत्या. गुडघे मोडलेले, हात पोटावर. पाट्या आणि हातोडे बाजूला. बसमधला एक म्हणाला, "बघा, दुष्काळी कामावर झोपा काढत्यात." दोघं-तिघं हसले.

त्यांच्या मधून पांढरी साडी फिरत होती. कुणाच्या पोटावर बोट टेकत, कुणाचा गुडघा सरळ करत. आवाज बसपर्यंत येत नव्हता. थोड्या वेळाने बाया एकेक करून कुशीवर वळून उठू लागल्या, लुगडी झटकून पाट्यांकडे निघाल्या. एकजण उठली नाही. अगदी तरुण पोरगी होती, बाजूला झोळीत तिचं मूल. ती गाढ झोपली होती. शेजारीण तिला हलवायला वाकली, तर एस्तेरबाईंनी तिचा हात धरला.

कामावरचा मुकादम शिट्टी तोंडाशी नेत होता. बाईंनी त्याच्याकडे बघून नुसता हात वर केला. त्यानं शिट्टी खाली घेतली, इकडेतिकडे पाहिलं आणि पाठ फिरवून दुसऱ्या ढिगाकडे चालायला लागला.

लिंबाची सावली तोवर सरकली होती. ऊन त्या पोरीच्या तोंडावर आलं. एस्तेरबाई दोन पावलं फिरून तिच्या उशाशी गेल्या, पदर दोन्ही हातांनी जरासा पसरला, आणि त्यांची सावली तिच्या तोंडावर पडेल अशा उभ्या राहिल्या.

ड्रायव्हरने बस सुरू केली. वळण येईपर्यंत मी मागे वळून पाहत होते. त्या हलल्या नव्हत्या.